खरखर आणि घरघर

चावीच्या फोनोला पुन्हा चांगले दिवस आले आहेत. हॉटेलांच्या दर्शनी भागात, नव्या फ्लॅटांच्या दिवाणखान्यात, लग्नात फोटो काढण्यासाठी सजवलेल्या कोपऱ्यात पितळी कर्णा चमकताना दिसतो. त्याच्यासमोर मान तिरकी करून बसलेला कुत्राही असतो. जवळ जाऊन थाळीवर बोट फिरवावं तर बोटाला धूळ. चावीला हात घालावा तर यजमान घाईने म्हणतात, "अहो, राहू द्या, शोभेचा आहे." चालतो का, असं विचारलं की उत्तर बहुधा ठरलेलं: "चालतो हो. पण आवाज फार करतो."

गाण्याचं यंत्र आवाज करतं, ही तक्रार ऐकताना हसू येतं. पण तिच्यात तथ्य असतं. गाण्याच्या खालून मोटार घरघरत असते, मधूनच पोटात काहीतरी धपकन पडल्यासारखं होतं, आणि ऐकणारा कंटाळून म्हणतो, जुनं झालं, आता असंच चालायचं. एवढ्या एका कारणावरून कितीतरी उत्तम यंत्रं माळ्यावर गेली आणि माळ्यावरून भंगारात. मला ह्या घरघरीबद्दलच लिहायचं आहे. ती म्हातारपणाची नसते. तिला कारणं असतात, ती मोजता येतात आणि बरीचशी दूरही करता येतात.

(फोनो हा शब्द काटेकोर नाही, ह्याची मला जाणीव आहे. फोनोग्राफ म्हणजे एडिसनचं १८७७ सालचं नळकांड्याचं यंत्र. आपल्या घरांतून जे रुजलं ते एमिल बर्लिनरच्या सपाट तबकडीचं, म्हणजे ग्रामोफोन. पण आमच्या आजीपासून सगळ्यांनी त्याला फोनोच म्हटलं. मीही तेच म्हणणार.)

ज्या फोनोची ही हकिगत आहे तो माझ्या आत्याचा, मिरजेचा. 'हिज मास्टर्स व्हॉइस'चं १०२ नंबरचं मॉडेल. सुटकेससारखी काळी पेटी, झाकण उघडलं की आत थाळी, वळलेली नळी, तिच्या टोकाला साउंडबॉक्स आणि बाजूला चावीचं भोक. बाहेर कर्णा नाही. तो पेटीच्या आत घडी घालून बसवलेला असतो आणि त्यातून आलेला आवाज उघड्या झाकणावर आपटून खोलीत पसरतो. हे मॉडेल १९३१ साली निघालं आणि पुढे पंचवीसहून अधिक वर्षं निघत राहिलं. आतोबा रेल्वेत होते. मिरज जंक्शनवरून बदली होऊन निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी तो १९५५ साली जुनाच विकत घेतला. त्या घरात पुढे रेडिओ आला, टेपरेकॉर्डर आला, टीव्ही आला; पण दिवाळीच्या पहाटे फोनो लागायचा, तो आतोबा होते तोवर लागला.

आत्या आता एक्याण्णव वर्षांची आहे. दृष्टी ठीक, पाय थकलेले, कान बरेच गेलेले. कानाचं यंत्र आणलेलं आहे, पण ते डबीतच असतं. "त्यातून भांडी फार वाजतात," ही तिची तक्रार. गेल्या वर्षी कधीतरी तिच्या मनात आलं की हिराबाई ऐकाव्यात. ज्या गावात हिराबाई बडोदेकर १९०५ साली जन्मल्या, ज्यांचे वडील अब्दुल करीम खाँसाहेब इथेच मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले आहेत, त्या गावातल्या बाईला हिराबाई ऐकाव्याशा वाटणं ह्यात नवल नाही. नातवाने मोबाइलवर ताबडतोब लावून दिल्या. आत्याने दोन मिनिटं ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाली, "ह्या नव्हेत. आपल्या तबकडीतल्या लावा." तेव्हा फोनो माळ्यावरून खाली आला.

जानेवारीत मी मिरजेला गेलो तेव्हा तो तिच्या खाटेशेजारच्या स्टुलावर होता आणि घरात त्याच्यावरून थोडी धुसफूस चालू होती. आतेभावाचं म्हणणं, एवढं जुनं यंत्र घरघरणारच, ते विकून टाकावं. गिऱ्हाईकही तयार होतं. एक जुन्या वस्तूंचा व्यापारी घरी येऊन गेला होता. त्याला पेटी नको होती, तबकड्याही नको होत्या. फक्त आतली मोटार हवी होती. ही मेख पुष्कळांना ठाऊक नसते म्हणून सांगतो. चोरबाजारात आणि इतरत्र पितळी कर्ण्याचे जे 'अँटिक' फोनो मिळतात, त्यातले बहुसंख्य नव्याने बनवलेले असतात. लाकडी खोका नवा, कर्णा नवा, कुत्र्याचं चित्रही नवं. मोटार मात्र नव्याने बनवणं परवडत नाही, म्हणून ती अशा काळ्या पेट्यांच्या पोटातून काढून घेतात. शोभेचा एक फोनो तयार होतो तेव्हा अनेकदा गाणारा एक मेलेला असतो.

आत्याला मी विचारलं, "तुला काय ऐकू येतं ते सांग." ती म्हणाली, "गाणं कमी आणि जातंच जास्त ऐकू येतंय रे. शेजारी पहाटे कुणी दळत बसावं तसं."

मी ऐकलं. मला जात्यापेक्षा जास्त त्रास झाला तो खरखरीचा. ती सतत 'स्स्स' करणारी, पावसासारखी खरखर. आतेभावालाही तीच खुपत होती. आत्याला विचारलं तर तिला खरखर मुळी ऐकूच येत नव्हती! तिच्या लेखी तबकडी स्वच्छ होती.

ह्या फरकाने मी विचारात पडलो. वय वाढतं तसं माणसाचं ऐकणं वरच्या टोकाकडून झिजत जातं. उंच, बारीक ध्वनी आधी जातात. स, श, फ, त ही अक्षरं धूसर होतात, म्हणून म्हाताऱ्या माणसांना आवाज ऐकू येतो पण शब्द लागत नाही. खालचे, जाड, घुमणारे ध्वनी पुष्कळ काळ टिकतात. खरखर वरच्या पट्टीतली असते. जुन्या तबकड्या लाखेच्या; लाख बहुतांशी आपल्याच छोटा नागपूरकडच्या जंगलांतली, पण तिच्यात दगडाची बारीक भुकटी मिसळलेली असे. पिन त्या भुकटीवरून घासत जाते, त्याची ती खरखर. एक्याण्णवाव्या वर्षी आत्याला ती माफ झाली होती. पण मोटारीची घरघर आणि धपधप खालच्या पट्टीतली. ती तिला पूर्ण ऐकू येत होती. एवढंच नव्हे, खालचा मोठा आवाज वरच्या नाजूक आवाजाला झाकून टाकतो. उलट सहसा होत नाही. दाराशी ट्रक उभा असला की घरातलं बोलणं बुडतं, तसं. तरण्या कानांना मोटारीचा जो आवाज 'असू दे, चालतंय' असा वाटतो, तोच थकलेल्या कानांशी पोचायच्या आत हिराबाईंना गिळून टाकत होता. आतेभाऊ लबाडी करत नव्हता आणि आत्या हट्ट करत नव्हती. एकाच फोनोसमोर बसून दोघं दोन वेगळ्या गोष्टी ऐकत होती.

खरखरीला फारसा इलाज नाही. ती तबकडीतच आहे. घरघरीला आहे.

आता थोडं यंत्राबद्दल. मी इंजिनिअर नाही. बँकेत पस्तीस वर्षं काढली आणि कादंबऱ्या लिहिल्या. दोन्हींत हाताला तेल लागत नाही. पण चावीचं घड्याळ ज्याने उघडून पाहिलं आहे त्याला फोनोची मोटार परकी वाटू नये. एका गोल पोलादी डब्यात रुंद पट्टीची लांबच लांब स्प्रिंग गुंडाळून बसवलेली असते. चावी दिली की ती आवळते, सोडली की उलगडू पाहते, आणि त्या जोरावर दातेरी चाकांमार्फत थाळी फिरते. अडचण अशी की स्प्रिंग भरलेली असताना जोर जास्त आणि उतरत आली की कमी. थाळीला मात्र मिनिटाला ७८ फेरे एकाच चालीत हवेत, नाहीतर सूर चढतो नि उतरतो. बर्लिनरच्या सुरुवातीच्या यंत्रांना हातानेच फिरवावं लागे, आणि हाताने अशी चाल कोण राखणार? अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कॅमडन गावी एल्ड्रिज जॉन्सन नावाचा यंत्र-कारागीर होता. त्याने १८९६ साली बर्लिनरच्या यंत्रासाठी स्प्रिंगची मोटार करून दिली आणि ग्रामोफोन हे खेळणं न राहता वाद्य झालं. पुढे सहाच वर्षांत, १९०२ साली, फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात येऊन गौहर जानचं गाणं तबकडीवर घेऊन गेला.

चाल राखण्याचं काम गव्हर्नर करतो. (राजभवनातल्यांशी नामसाम्याखेरीज त्याचा संबंध नाही, हा दिवसभर कामच करतो.) एका बारीक दांड्याभोवती तीन पातळ पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीच्या मध्यावर एकेक वजन. दांडा मळसूत्री असतो. थाळीखालचं चाक त्याला फिरवतं, आणि थाळीच्या एका फेऱ्यात तो कितीतरी वेळा गरगरतो. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, पट्ट्या धनुष्यासारख्या वाकतात आणि दांड्यावरची एक चकती सरकून चामड्याच्या किंवा नमद्याच्या छोट्या गादीला घासते. घासली की वेग उतरतो, उतरला की चकती मागे येते. वेगाचा काटा आपण इकडेतिकडे करतो तेव्हा प्रत्यक्षात ही गादीच पुढेमागे होत असते.

तर ह्या साऱ्यात आवाज कुठून येतो? इथे मला बँकेतली जुनी सवय कामी आली. आमच्या वेळी खातेवह्या हाताने लिहिल्या जात. संध्याकाळी ताळा जमला नाही की घरी जाता येत नसे. मुरलेला हेडक्लार्क पानं चाळण्याआधी फरकाच्या आकड्याकडे बघत बसायचा. फरकाला नऊने नि:शेष भाग गेला तर कुणीतरी ४५ च्या जागी ५४ लिहिले आहेत. फरकाच्या बरोबर निम्मी रक्कम वहीत सापडली तर ती जमेची नावे पडली आहे. म्हणजे चूक कुठे आहे ते पुष्कळदा फरकच सांगतो. आणि एका फरकात तीन चुका लपलेल्या असल्या तर एक सापडताच उरलेला आकडा ओळखीचा दिसू लागतो.

मोटारीचंही तसंच. मिनिटाला ७८ फेरे म्हणजे दहा सेकंदांत तेरा. मनगटावरचं घड्याळ समोर धरून एकेक आवाज मोजायला बसलो. 'टिक्' असा एक बारीक आवाज दहा सेकंदांत बरोबर तेरा वेळा येत होता. म्हणजे तो थाळीचा. दर फेऱ्याला एकदा. दुसरा मोजता येत नव्हता इतका जलद, भांड्यात वाटाणे हलवल्यासारखा सतत खडखडाट. इतक्या वेगाने त्या यंत्रात फक्त गव्हर्नर फिरतो. तिसरा तो धपका. दोन धपक्यांमध्ये कधी सात सेकंद, कधी वीस, कसलाच हिशेब नाही. दातेरी चाकं बेहिशेबी वागत नाहीत. चाकाचा दात तुटला तर तो ठरल्या वेळी ठरल्या जागीच लागतो. बेहिशेबी वागते ती स्प्रिंग.

थाळी वर उचलून काढली. टिक् गेला. थाळीची कड एका जागी किंचित दबलेली होती आणि आपोआप थांबण्याच्या खटक्याची दांडी तिथे चाटत होती. दांडी जराशी वाकवली. पहिली नोंद मिटली. मग एका लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटारीच्या सांगाड्यावर आणि मूठ कानामागच्या हाडावर ठेवून ऐकलं. डॉक्टरांच्या नळीइतकं स्पष्ट ऐकू येतं. टोक गव्हर्नरच्या टोकाशी नेलं की वाटाणे, स्प्रिंगच्या डब्याशी नेलं की धपका. आतेभाऊ हा प्रकार दारातून पाहत होता. थोड्या वेळाने त्यानेही स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला, आणि विक्रीचा विषय त्या दिवसापुरता मागे पडला.

मोटार बाहेर काढण्यापूर्वीची एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती कुणीही विसरू नये. चावी पूर्ण उतरू द्यायची. थाळी आपण होऊन थांबेपर्यंत मोटार चालू द्यायची. स्प्रिंगमध्ये जोर शिल्लक असताना गव्हर्नर सैल केला तर आवरणारं कुणीच उरत नाही. सगळी चाकं एकदम सुसाट सुटतात, दात झडतात आणि जवळ बोट असेल तर बोटही. चावी उतरल्यावर तिची दांडी उलटी फिरवून बाहेर काढायची आणि मग फळीचे स्क्रू सोडायचे.

फळी उचलली तेव्हा घरघरीचा आणखी एक भागीदार सापडला. मोटार जिथे फळीला कसलेली होती तिथे रबरी चकत्या होत्या. त्या इतक्या वाळल्या होत्या की नखाने टोकरल्यावर खडूसारख्या भुरभुरल्या. रबर मऊ असतं तेव्हा मोटारीची थरथर तिथेच मुरते. रबराचा दगड झाला की ती सरळ फळीत उतरते, आणि ह्या पेटीत फळीखालीच कर्णा. सगळी पेटीच मोटारीची तंबोऱ्याचा भोपळा होऊन बसते. मिरजेत असल्यामुळे ही उपमा सुचली. सतारमेकरांच्या दुकानांवरून आम्ही रोज जात होतो. सायकलच्या दुकानातून जाड ट्यूबचा तुकडा आणून चकत्या कापल्या. खर्च शून्य, दुकानदाराने पैसे घेतले नाहीत.

गव्हर्नरला मात्र वेळ द्यावा लागला. तीन वजनांपैकी एकाच्या पट्टीचा स्क्रू ढिला होता. तो स्क्रू म्हणजे तिळाएवढा. वजन आपल्या जागेवरून केसभर सरकलेलं, म्हणजे दर फेऱ्याला दांडा एका बाजूला ओढला जाणार आणि खडखडणार. पट्ट्या सरळ आहेत ना, कुठे चीर नाही ना, हे भिंगाखाली पाहिलं. दांडा ज्या दोन पितळी बुशांत फिरतो तिथलं काळं तेल पुसून काढलं. बुशाचा स्क्रू सैल करून ते आतबाहेर करता येतं, आणि सगळी कला इथेच आहे. नखाने दांडा लांबीच्या दिशेने ढकलला तर तो अगदी नावापुरता हलला पाहिजे. हललाच नाही तर फिरताना अडेल. ठळक हलला तर वाटाणे परत. पाच-सहा वेळा कमीजास्त केल्यावर ती जागा मिळाली. गादी वाळून कडक झाली होती, तिला शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब पाजले. दुसरी नोंद मिटली.

स्प्रिंगचा डबा मी उघडला नाही, आणि वाचकांनीही उघडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. चावी पूर्ण उतरली तरी डब्यात स्प्रिंग दाबून बसलेली असते. ती बाहेर झेपावते तेव्हा पट्टीच्या कडा कोयत्यासारख्या असतात. लक्ष्मी मार्केटकडच्या एका गल्लीत एक वयस्क घड्याळजी आहेत. भिंतीवरची लंबकाची घड्याळं अजून दुरुस्त करतात. त्यांनी डबा कानाशी हलवला, मग नाकाशी नेला आणि म्हणाले, "साहेब, ह्यात कुणी खोबरेल घातलंय."

खवट वास मलाही आला. कुणी घातलं, कधी घातलं, ते कळायला मार्ग नाही. दाराच्या बिजागरीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्याला खोबरेल तेल घालणारी घरं आपण पाहिलेली आहेत. पण खोबरेल थंडीत थिजतं आणि काही वर्षांत त्याचा डिंक होतो. स्प्रिंग उलगडते तेव्हा तिची वेटोळी एकमेकांवरून सरकतात. मध्ये नीट ग्रीस असेल तर ती गुपचूप सरकतात. डिंक असेल तर दोन वेटोळी चिकटून राहतात, मागचा जोर साठत जातो आणि मग एकदम सुटतात, धप्. डब्यातला तो धपका म्हणजे हेच. कधी सुटतील ह्याचा नेम नाही, म्हणून तो मोजदादीत बसत नव्हता. असा धक्का बसला की थाळीही क्षणभर हिसका खाते आणि गाणाऱ्याचा सूर हलतो. आत्या म्हणाली होती, "हिराबाई अशा कापऱ्या आवाजात गात नसत." ती म्हणाली तेव्हा आम्ही ते तिच्या कानांच्या खाती टाकलं होतं.

घड्याळजींनी काम दुकानात केलं नाही, मागच्या अंगणात केलं. हातात चामड्याचे मोजे, डब्यावर गोणपाट. "स्प्रिंगला राग आला की ती माणूस बघत नाही," म्हणाले आणि आम्हा दोघांना पायरीवर उभं केलं. गोणपाटाखाली एकदा धडपड झाली आणि मग ती बाहेर आली. काळी, चिकट, उलगडली तर त्यांच्या अंगणाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. पूर्वी हे रॉकेलने धूत; आता रॉकेल सहज मिळत नाही, म्हणून रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन. धुऊन पुसून बोटं फिरवत त्यांनी ती इंच इंच तपासली. चीर नव्हती. एके ठिकाणी गंज होता, तो बारीक लोखंडी काथ्याने घासून काढला. मग व्हॅसलिनमध्ये ग्राफाइटची पूड कालवून ते काळं लोणी पट्टीच्या दोन्ही बाजूंना चोळलं आणि बाहेरचं टोक डब्यातल्या खुंटीत अडकवून एकेक वेढा हाताने आत बसवत नेला. हे मधलं काम घाईचं नाही. दोन संध्याकाळी लागल्या. तीनशे रुपये घेतले, आणि उरलेली ग्राफाइटची पूड ठेवून घेऊ का, असं विचारलं.

माझ्या ओळखीतले काही हौशी लोक ह्या भानगडीत न पडता जुन्या पेटीत विजेची मोटार बसवतात. एकदम शांत चालतं, असं सांगतात. चालत असेलही. पण चावी देणं हा त्या ऐकण्यातला निम्मा भाग आहे. एका चावीत तबकडीची एक बाजू नक्की होते आणि मग कुणालातरी उठावं लागतं. तीन मिनिटांत ख्याल बसवणाऱ्या गवयांनी त्या उठण्याचा विचार करूनच गाणं बांधलं होतं. आणि हेही सांगायला हवं की चावीची मोटार अगदी मुकी कधीच होत नाही. कारखान्यातून नवी आली तेव्हाही ती होत नसणार. कान जवळ नेला तर बारीक गुणगुण येतेच, ती यावी. चार फुटांवर ऐकू येत नाही, एवढं पुरे.

ज्यांच्या माळ्यावर अशी पेटी आहे त्यांच्यासाठी अनुभवातून आलेल्या दोन-तीन गोष्टी. गंज सोडवणारे जे फवारे मिळतात ते मोटारीत मारू नका. ते आधी सगळं पातळ करून वाहवून नेतात आणि मग उडून जातात, मागे कोरडा धातू. फिरत्या सांध्यांना शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब पुरतो. स्प्रिंग भरलेली ठेवून पेटी महिनोन् महिने बंद करू नका. आणि विनाइलच्या नव्या तबकड्या हौस म्हणून ह्याच्यावर कधीच लावू नका. साउंडबॉक्सचं वजन आणि पोलादी पिन त्यांना एका फेरीत खरवडून टाकते.

मोटार बसवल्यावर वेग लावायचा राहिला होता. तबकडीखाली कडेला कागदाची चिठ्ठी अडकवली आणि वीस सेकंदांत ती किती वेळा समोर येते ते मोजलं. सव्वीस हवेत. अठ्ठावीस आल्या. काटा मागे घेतला, पंचवीस. थोडा पुढे, सव्वीस. आतेभावाने पुन्हा एकदा मोजून खात्री केली. आत्या खाटेवर बसून हे सगळं पाहत होती आणि "तुमची शाळा संपली का?" असं दोनदा विचारून झालं होतं.

हिराबाई लावल्या. आत्या नेहमीसारखी पुढे झुकली नाही, उशीला टेकूनच होती. अर्धं मिनिट तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मग तिचा उजवा हात पांघरुणावर हलायला लागला. बोटं मोजत होती. "अगं बाई," ती कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली, "तबला आहे की ह्यात!" सत्तर वर्षं घरात असलेल्या तबकडीत तबला आहे हे तिला माहीत नव्हतं असं नाही, फोनो खाली आल्यापासून तो तिला ऐकू आला नव्हता, एवढंच. धपक्यांच्या खाली गेला होता. शब्द सगळे लागले का, असं आतेभावाने तिच्या कानाशी ओरडून विचारलं. "सगळे कुठले लागायला," ती म्हणाली, "पण ते मला पाठ आहेत. ओरडू नकोस, चाललंय ना गाणं."

बाजू संपली. दुसरी लावण्यासाठी मी पिन बदलायला घेतली. पोलादी पिन एका बाजूपुरतीच असते. तबकडीतल्या त्या दगडी भुकटीने तिचं टोक झिजतं. तीच पुन्हा लावली तर ती चरे खात सुटते. आतोबांची पिनांची पत्र्याची डबी पेटीच्या कप्प्यातच होती. आत्याने ती मागून घेतली, हलवून पाहिली आणि माझ्याकडे परत दिली. "बँकेतला ना तू? मोज."

सदतीस होत्या. सकाळी एक बाजू, संध्याकाळी एक बाजू, म्हणजे अठरा दिवस आणि एक पिन उरते. पिना अजून बनतात, टपालाने मागवता येतात. पन्नासची पाकिटं मिळतात, दोनशेचीही मिळतात, असं मी तिला सांगितलं. आतेभाऊ म्हणाला, आधी पन्नासची मागवून पाहू.

"दोनशेची मागव," आत्या म्हणाली. "दरवेळी टपालखर्च कोण देणार?"